नाण्यांवरील चिकटद्रव्ये व त्यांचे निवारण

पश्चिम क्षत्रपांच्या चांदीच्या नाण्याचा व्यास साधारणतः १४ ते १६ मिलिमीटर असतो. एवढ्या लहान चकतीच्या एका बाजूस राजाचे मस्तक व त्यामागे शकवर्षाचे आकडे, तर दुसऱ्या बाजूस तीन कमानींच्या चैत्याभोवती वर्तुळाकार ब्राह्मी लेख, अशी सामग्री दाटीवाटीने बसविलेली असते. लेखात राजाचे नाव व पदवी आणि त्याच्या पित्याचे नाव व पदवी येते. वर्षाचे आकडे स्थानमूल्याच्या पद्धतीचे नाहीत. शतक, दशक व एकक यांची चिन्हे स्वतंत्र आहेत. त्यांपैकी एककाची पहिली तीन चिन्हे म्हणजे अनुक्रमे एक, दोन व तीन आडव्या रेघा होत. तिसरी रेघ झिजून गेली किंवा दोन रेघांखाली तिसरीचा आभास झाला, की वर्ष बदलते.

हा केवळ तर्क नव्हे. रॅप्सन यांनी १९०८ साली ब्रिटिश म्युझियममधील आंध्र व क्षत्रप नाण्यांची सूची सिद्ध केली. तीत पहिल्या रुद्रसिंहाची कारकीर्द नाण्यांवरील वर्षांवरून लावलेली आहे. शके १०३ ते ११० पर्यंत तो महाक्षत्रप, ११० ते ११२ या काळात पुन्हा नुसता क्षत्रप, आणि ११३ पासून परत महाक्षत्रप, असा तो क्रम आहे. मधल्या दोन-तीन वर्षांत त्याची पदवी का उतरली? देवदत्त रामकृष्ण भांडारकर यांनी ईश्वरदत्त नावाच्या महाक्षत्रपास याच अवकाशात बसविले. ईश्वरदत्ताची नाणी शकवर्ष सांगत नाहीत. आपल्या राज्याचे पहिले व दुसरे वर्ष एवढेच ती शब्दांत सांगतात. रॅप्सन यांनी मात्र त्याला जवळजवळ अर्धशतक खाली, शके १५८ ते १६१ यांच्या दरम्यान ठेवले होते. हा वाद पुढेही चालू राहिला. त्यातील मूळ पुरावा मात्र ११२ आणि ११३ यांमधील एका आडव्या रेघेइतका बारीक आहे, आणि ती रेघ मस्तक व नाण्याची कड यांमधील सखल भागात असते. नाण्यावर काहीही चिकट लागले तर ते पुसताना उंचवट्यावरून निघून जाते आणि नेमके याच सखल भागात साचून राहते.

म्हणूनच जुन्या नाण्यांवरील डिंक, लाख, राळ अथवा चिकटपट्टीचा अंश कसा काढावा हा प्रश्न निव्वळ हौशी संग्राहकाचा मानून सोडून देता येत नाही. तो वाचनाचा प्रश्न आहे, आणि त्याला स्वतःचा एक लहानसा इतिहासही आहे.

नाण्याला चिकटद्रव्याचा स्पर्श होण्याचे प्रसंग त्याच्या आयुष्यात अनेक येतात. सोनार लहान जिन्नस लाखेत रोवून त्यावर काम करतो; कडी लावून दागिन्यात ओवलेल्या नाण्यावर तिचा अंश राहिलेला आढळतो. देव्हाऱ्यात पूजिलेल्या नाण्यावर तेल-शेंदराचे थर बसतात व कालांतराने ते रंगाच्या लेपाप्रमाणे कठीण होतात. नाणे अभ्यासकाच्या हाती आल्यावर तरी ते या उपद्रवातून सुटते असे नाही. छायाचित्रण सुलभ होण्यापूर्वी नाण्याचा ठसा लाखेवर घेऊन तो दुसऱ्या विद्वानाकडे धाडण्याची रीत होती, आणि अशा ठशाच्या वेळी अक्षरांच्या खोबणीत लाल लाखेचे कण अडकून राहत. पॅरिसच्या मिओने याने तर प्राचीन नाण्यांच्या गंधकात ओतलेल्या प्रतिकृती विक्रीस ठेवल्या होत्या. पुढे संग्रह वाढले तशी कागदी चिठ्ठी आली. ती खळीने, बाभळीच्या डिंकाने किंवा सरसाने नाण्याला अथवा पुठ्ठ्याला चिकटविली जाई. ही सारी द्रव्ये वनस्पतिज किंवा प्राणिज आहेत. ती जुनी असली तरी त्यांचा स्वभाव परिचयाचा आहे.

विसाव्या शतकात हे चित्र पालटले. १९३० मध्ये अमेरिकेत रिचर्ड ड्रू यांनी तयार केलेली पारदर्शक चिकटपट्टी बाजारात आली आणि पाहता पाहता प्रत्येक कचेरीच्या मेजावर जाऊन बसली. तिचा चिकट थर आरंभी रबर व राळ यांचा असे. रॉबर्ट फेलर व त्यांच्या सहकाऱ्याने १९८२ मध्ये या द्रव्याच्या ऱ्हासाच्या अवस्था स्पष्ट केल्या. प्रथम काही काळ त्यात विशेष बदल दिसत नाही. नंतर हवेतील प्राणवायूशी संयोग वेगाने होऊ लागतो. थर पिवळा पडतो, मऊ व तेलकट होतो आणि आजूबाजूस पसरतो. शेवटी तो कडक, ठिसूळ व तपकिरी होतो, आणि सुरुवातीला ज्या द्रावकात तो सहज विरघळला असता त्यात आता विरघळत नाही. चांदीच्या बाबतीत आणखी एक अडचण संभवते. रबरात गंधकाची संयुगे असली, तर चांदीशी त्यांचा संयोग होऊन काळा सल्फाइड तयार होतो. चिकटपट्टी निघते, पण तिच्या आकाराचा काळा पट्टा नाण्यावर उमटून राहतो. हा डाग चिकटद्रव्याचा नसून धातूचाच झालेला असतो, हे न ओळखल्यामुळे पुष्कळ नाणी घासली गेली आहेत.

संग्राहकांच्या वहीत नाणी ठेवण्यासाठी पुढे पॉलिव्हिनाइल क्लोराइडच्या मऊ पारदर्शक पिशव्या आल्या. त्या मऊ राहाव्यात म्हणून त्यांत मिसळलेले तेलकट द्रव्य हळूहळू बाहेर झिरपते, आणि प्लॅस्टिकच्या विघटनातून सुटणारे आम्ल नाण्यातील तांब्यावर क्रिया करते. त्यातून हिरवट, चिकट पापुद्रा तयार होतो. क्षत्रपांच्या चांदीतही तांब्याचा अंश असतोच, म्हणून तीही यातून सुटत नाही. वेळीच धुतला तर हा पापुद्रा निघून जातो. उशीर झाला तर त्याखाली धातूत पडलेले खड्डे उरतात व ते कोणत्याही उपायाने भरून येत नाहीत.

घरगुती उपायांची परंपरा मात्र वेगळीच आहे. चिंच, लिंबू, राख, रांगोळी, रिठा ही भांडी व दागिने उजळण्याची साधने नाण्यांवरही चालविली गेली, आणि दिवाळीत लक्ष्मीपूजनाआधी नाणे लखलखीत करण्यात गृहिणीची काही चूक होती असे म्हणता येणार नाही. तिच्या दृष्टीने ते देवतेचे रूप होते, पुराव्याचा तुकडा नव्हे. चूक होते ती अभ्यासकाने तेच केल्यास. चिंच व लिंबू यांतील आम्ले तांब्याचे क्षरणथर विरघळवितात, राख व रांगोळी धातू खरवडतात. तेलात नाणे भिजत घालावे हा सल्ला सौम्य वाटतो म्हणून अद्यापि दिला जातो. वास्तविक तेलातील मुक्त स्निग्धाम्ले तांब्याशी संयोग पावून हिरवा साबण तयार करतात. चिकटद्रव्य सैल होते खरे, पण त्याच्या जागी नाण्याच्याच धातूपासून बनलेला नवा थर येतो.

शास्त्रीय शोधनाचा आरंभ बर्लिनपासून मोजण्याचा प्रघात आहे. तेथील राजकीय संग्रहालयांसाठी १८८८ मध्ये रसायनशाळा स्थापन झाली आणि फ्रीड्रिख राटगेन यांची तीवर नेमणूक झाली. त्यांचा पुराणवस्तूंच्या जतनावरील ग्रंथ १८९८ मध्ये प्रसिद्ध झाला. १९०५ मध्ये त्याचे इंग्रजी भाषांतरही निघाले. ब्रिटिश म्युझियमची प्रयोगशाळा १९२० ची. पहिल्या महायुद्धात भुयारी मार्गात हलविलेल्या वस्तू बिघडलेल्या आढळल्या, हे तिचे निमित्त. भारतात पुरातत्त्व खात्याने १९१७ मध्ये महंमद सनाउल्ला यांना रसायनज्ञ म्हणून नेमले; मोहेंजोदडो येथील तांबे व कांसे यांच्या घटकांविषयीचे विवेचन त्यांचेच. या पहिल्या पिढीची वृत्ती आज थोडी धीट वाटते. क्षरणाचा थर उतरवून मूळ धातू उघडा करणे आणि मग त्यावर संरक्षक लेप चढविणे, हा तिचा सामान्य क्रम होता. राटगेन यांच्या काळातील झॅपॉन नावाचे लाक्षासदृश द्रव्य म्हणजे सेल्युलोज नायट्रेटचा पातळ लेप. तोही कालांतराने पिवळा पडतो व तडकतो. म्हणजे एका पिढीने संरक्षणार्थ लावलेले द्रव्य पुढच्या पिढीच्या दृष्टीने काढून टाकावयाचे चिकट अवशेष ठरले. १९५६ मध्ये प्लेंडरलीथ यांचा ग्रंथ आला आणि त्यानंतरच्या दशकांत, जो लेप पुन्हा निर्धोकपणे काढता येईल तोच लावावा, हे तत्त्व हळूहळू सर्वमान्य झाले.

आज चिकट अवशेष काढताना पाळावयाचा क्रम याच अनुभवातून बनला आहे. हात लावण्यापूर्वी नाण्याचे वजन घ्यावे व दोन्ही बाजूंची छायाचित्रे घ्यावीत, तीही एकदा डावीकडून व एकदा वरून तिरपा प्रकाश टाकून. कारण आडवी रेघ एका दिशेच्या प्रकाशात दिसते व दुसऱ्या दिशेच्या प्रकाशात लोपते. मग धातू कोणता आणि चिकटद्रव्य कोणते हे दोन प्रश्न सोडवावेत. बहुतेक अपघात दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर पहिल्याच्या आधी दिल्यामुळे घडतात.

खळ, डिंक व सरस यांना पाणी पुरते. ते नळाचे नसावे, कारण त्यातील क्लोराइड चांदी व तांबे दोहोंनाही बाधक आहे. ऊर्ध्वपातित पाणी वापरावे. सरस असल्यास ते कोमट असावे. काचेच्या बशीत नाणे भिजत ठेवून कागद आपोआप सुटू द्यावा. कागदाचे टोक धरून ओढण्याचा मोह येथे आवरला पाहिजे. जमिनीतून निघालेल्या चांदीवर पुष्कळदा क्लोराइडचा थर असतो आणि अक्षराचा मूळ पृष्ठभाग त्या थरातच शिल्लक राहिलेला असतो. कागद ओढला तर त्याच्याबरोबर थर निघतो, व थराबरोबर अक्षर. शिवाय प्राचीन चांदी आतून ठिसूळ झालेली असते. बोटांच्या साध्या दाबाने तिचे तुकडे होऊ शकतात.

लाखेस पाणी लागू पडत नाही. ती मद्यार्कात विरघळते. फार जुनी किंवा तापलेली लाख मात्र नुसती फुगते, अशा वेळी तिला वेळ द्यावा व मऊ झालेला भाग बांबूच्या बारीक काडीने उचलावा. सुई किंवा चाकूचे टोक वापरू नये. पांढरा कृत्रिम गोंद, सेल्युलोज नायट्रेटचे जुने लेप आणि प्लॅस्टिकच्या पिशव्यांतून झिरपलेले तेलकट द्रव्य ही शुद्ध ॲसिटोनमध्ये जातात. ॲसिटोनची सोने व चांदी यांवर क्रिया होत नाही, म्हणून संग्राहकांत त्याची कीर्ती मोठी आहे. तथापि नखांचा रंग काढण्याचे बाजारी मिश्रण म्हणजे शुद्ध ॲसिटोन नव्हे. त्यात तेल, रंग व सुगंधी द्रव्ये असतात व ती नाण्यावर राहतात. ॲसिटोन ५६ अंश सेल्सिअसला उकळते, त्याची वाफ हवेपेक्षा जड असते, मेजावरून वाहत जाते व दूरच्या ज्योतीवरूनही पेट घेते. खिडक्या उघड्या असाव्यात, बशी काचेची व झाकण असलेली असावी. रबराची नवी चिकटपट्टी पेट्रोलियमच्या हलक्या द्रावकाने सुटते. जुनी, तपकिरी झालेली पट्टी क्वचित टोल्युइनसारख्या द्रावकाने फुगते. त्याची वाफ आरोग्यास अपायकारक असल्याने हे काम प्रयोगशाळेबाहेर करू नये. दोन घटक मिसळून घट्ट होणारा एपॉक्सी गोंद कशातही विरघळत नाही असेच धरून चालावे, आणि नाणे तसेच ठेवावे.

एक गोष्ट पुस्तकांत असूनही वरचेवर विसरली जाते. विरघळलेले चिकटद्रव्य नाहीसे होत नाही. ते द्रावकात असते. नाणे बाहेर काढून सुकू दिले की द्रावक उडून जातो व तेच द्रव्य पातळ कांतीच्या रूपाने सबंध नाण्यावर सारखे पसरते. पूर्वी एका कोपऱ्यात असलेली राळ आता प्रत्येक अक्षरावर बसते. म्हणून दुसऱ्या व तिसऱ्या स्वच्छ द्रावकात नाणे बुडविणे आवश्यक आहे. शेवटच्या बशीतील थेंब काचेवर सुकून डाग पडला नाही, तर काम झाले असे समजावे.

सातवाहनांच्या शिशाच्या नाण्यांना हे नियम जसेच्या तसे लावू नयेत. शिसे ऊर्ध्वपातित पाण्यातही क्षरण पावते आणि ॲसेटिक आम्लाच्या वाफेने तर पांढरी भुकटी होऊन जाते. पॉलिव्हिनाइल ॲसिटेटचा गोंद, कच्च्या लाकडाचा खण, साधा पुठ्ठा यांतून हे आम्ल सुटते. अशा नाण्यावरून चिकटद्रव्य काढून ते पुन्हा त्याच लाकडी खणात ठेवणे म्हणजे अर्धेच काम करणे होय.

आता घासण्याविषयी. नाशिक जिल्ह्यात सिन्नर तालुक्यातील जोगलटेंभी येथे १९०६ मध्ये चांदीच्या नाण्यांचा मोठा साठा सापडला. रेव्हरंड स्कॉट यांनी त्याची तपासणी केली. एकूण नाणी १३,२५० च्या आसपास, सर्व नहपानाची. परंतु त्यांपैकी नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला चैत्य व उज्जयिनी चिन्ह पुन्हा ठोकलेले होते. नहपानाच्या नाण्यावर ब्राह्मी, खरोष्ठी व ग्रीक अशा तीन लिपी असतात. ग्रीक अक्षरांतील मजकूर ग्रीक भाषेतील नसून प्राकृत शब्दांचेच लिप्यंतर आहे. हजारो नाणी एकत्र मिळाल्यामुळे एकावर तुटलेले अक्षर दुसऱ्यावर पडताळता आले. पुनर्मुद्रित नाण्यांवर मात्र नहपानाचा लेख नव्या ठशाखाली दबून, उंचीने जवळजवळ सपाट होऊन उरला आहे. क्षहरात वंशाचा गौतमीपुत्राने केलेला उच्छेद नाशिकच्या लेण्यातील लेखात सांगितला आहे. तो हाताळता येण्याजोग्या रूपात दिसतो तो या दबलेल्या अक्षरांत. कोणत्याही कुंचल्याने वा भुकटीने नाणे घासले, तर सर्वांत वरचा ठसा टिकतो आणि खालचा, अधिक जुना, नाहीसा होतो. घासलेले नाणे पाहणाऱ्यास पूर्वीपेक्षा सुवाच्य वाटते, हा यातील खरा धोका आहे.

भाषेच्या अभ्यासकास याहून बारीक उदाहरण चष्टनाच्या नाण्यांवर मिळते. त्याच्या पित्याचे नाव पंडित भगवानलाल इंद्रजी व रॅप्सन यांनी 'घ्समोतिक' असे वाचले. ल्यूडर्स यांनी ते 'य्समोतिक' असल्याचे दाखवून दिले. ब्राह्मीतील 'घ' व 'य' या दोहोंनाही वर तीन टोके आहेत; फरक पायाशी, तेथे सरळ कोन आहे की वळण आहे, एवढाच. जोडाक्षरात तर पायाखाली 'स' असल्याने तो फरक आणखी आक्रसतो. परंतु 'य्स' मान्य केल्यावर खोतानी शकांच्या लेखनाशी सांधा जुळला. तेथे 'य्स' हे जोडाक्षर 'झ' सारख्या सघोष घर्षक ध्वनीसाठी वापरले जाई. मग 'दामघ्सद' हे नावही 'दामय्सद', म्हणजेच अन्यत्र 'दामजद' असे लिहिलेले नाव ठरले. परकी ध्वनी एकदा 'य्स' ने, एकदा 'ज' ने लिहिला गेला होता. स्टेन कोनो यांनी 'य्सम' या शक शब्दाचा अर्थ भूमी असा घेऊन 'य्समोतिक' आणि 'भूमक' या नावांचा संबंध सुचविला. हे अनुमान सर्वांनी स्वीकारलेले नाही. पण इराणी भाषासमूहातील एका बोलीचा उच्चार पश्चिम भारतातील लेखनात कसा उतरला याचा पुरावा एका अक्षराच्या तळाशी आहे, आणि तो तळ एक मिलिमीटरपेक्षा रुंद नाही. तेथे लाखेचा कण बसला तर वळणाचा कोन होतो. तो कण टोकदार हत्याराने काढताना धातू खरवडला गेला तर कोनाचे वळण होते. दोन्ही प्रसंगी वाचक प्रामाणिकपणे चुकीचे वाचेल.

याच्या उलट बाजूचाही विचार करावा लागतो. चिकटद्रव्य घालविणे हेच नेहमी इष्ट असते असे नाही. इंडियन ट्रेझर ट्रोव्ह ॲक्ट १८७८ चा. त्या कायद्यान्वये हाती आलेले साठे पुष्कळदा विभागून निरनिराळ्या संग्रहालयांत वाटले गेले, काही नाणी विकली गेली, आणि एकाच मडक्यातील नाणी दूरदूरच्या खणांत जाऊन पडली. अशा नाण्याचे प्राप्तिस्थान कळण्याचे साधन पुष्कळदा त्याला चिकटविलेला कागदाचा कपटा एवढेच असते. तो कपटा डिंकासह धुऊन टाकला म्हणजे नाणे स्वच्छ होते आणि अनाथ होते. कपटा सुटल्यावर तो वाळवून, त्यावरील अक्षर बदलले नाही याची खात्री करून, नाण्याच्या पाकिटात त्याच क्रमांकाने ठेवावा. पूर्वीच्या सूचिकाराचे हस्ताक्षर, शाईचा रंग, कागदाच्या मागील छापील मजकूर यांवरूनही कधीकधी जुना संग्रह ओळखता येतो.

काही संग्रहांत कागदही नसे. नाण्याच्या कडेवर लाक्षालेपाचा बारीक ठिपका देऊन त्यावर शाईने नोंदणी क्रमांक लिहीत व पुन्हा एक थर देऊन तो झाकीत. हा ठिपका आता पिवळा, किंचित चिकट आणि धूळ धरलेला दिसतो. नवख्याला तो घाणीचा डाग वाटतो. ॲसिटोनच्या बशीत नाणे टाकल्यावर तो मिनिटाभरात विरघळतो व त्याबरोबर क्रमांकही जातो. ज्या नोंदवहीत त्या क्रमांकासमोर गाव, साल व साठा लिहिलेला असतो ती वही कपाटात तशीच राहते, परंतु तिच्यातील ती ओळ कोणत्या नाण्याची हे सांगणारे काही उरत नाही. सबब नाणे कोणत्याही द्रावकात घालण्यापूर्वी त्याची कड भिंगाखाली एक पूर्ण वेढा फिरवून पाहावी.